सृष्टिकथा आणि दैनंदिन जीवन : गोंडांच्या लिंगो आख्यानाचा ऐतिहासिक अभ्यास
(होपी सृष्टिकथेच्या तुलनात्मक संदर्भासह)

इतिहास विभाग, गोरेगाव, जि. हिंगोली

प्रस्तावना

जगाची उत्पत्ती कशी झाली, मनुष्य प्रथम कोठून आला, अन्न कोणी दिले आणि मृत्यूनंतर माणूस कोठे जातो, हे प्रश्न प्रत्येक मानवसमूहाने स्वतःला विचारले आहेत. या प्रश्नांची जी उत्तरे कथारूपाने पिढ्यानुपिढ्या सांगितली गेली, त्यांना आपण सृष्टिकथा म्हणतो. आपल्या अभ्यासक्रमांत अशा कथांचा उल्लेख बहुधा लोकसाहित्याच्या किंवा धर्मकल्पनांच्या प्रकरणात येतो. इतिहासाच्या प्रकरणात त्या क्वचितच येतात. लिखित साधन हेच खरे साधन, असा एक संस्कार इतिहासाच्या अध्यापकावर झालेला असतो आणि त्यामुळे मौखिक आख्याने ही ‘रम्य पण निरुपयोगी’ या सदरात टाकली जातात.

प्रस्तुत लेखाचा विषय गोंड समाजातील पहांदी पारी कुपार लिंगो याचे आख्यान हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात गोंड समाजाची लोकसंख्या सुमारे १६ लाख असून भिल्लांनंतर ती राज्यातील दुसऱ्या क्रमांकाची अनुसूचित जमात आहे. हिंगोली जिल्ह्यात आंध जमातीची वस्ती लक्षणीय आहे. तथापि जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी पैनगंगा पुढे ज्या माहूर-किनवटच्या डोंगराळ मुलखाकडे जाते, तेथून गोंड आणि त्यांचे भाट असलेले प्रधान यांचा प्रदेश सुरू होतो. मराठवाड्याच्या दृष्टीने हा विषय परका नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके हैदराबाद संस्थानातील, आणि नंतरच्या हैदराबाद राज्यातील, आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होते. आज हिंगोली जिल्ह्यात असलेला मुलूखही त्याच राज्यातील परभणी जिल्ह्याचा भाग होता. गोंडांच्या धर्मजीवनाचा सर्वाधिक सखोल अभ्यास ज्या आदिलाबादमध्ये झाला, ते आदिलाबाद आणि आपण एकाच प्रशासनाखाली नांदलो आहोत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लिंगो आख्यानाच्या उपलब्ध नोंदींचा ऐतिहासिक परिचय करून देणे.
२) या सृष्टिकथेचा गोंडांच्या विवाह, आहार, सण व मृत्युविधी यांच्याशी असलेला संबंध तपासणे.
३) अमेरिकेतील होपी समाजाच्या सृष्टिकथेशी तुलना करून या संबंधाचे स्वरूप अधिक स्पष्ट करणे.
४) सृष्टिकथा हे इतिहासाचे साधन म्हणून कसे वापरता येईल, याचा विचार करणे.

लेखाची पद्धती ग्रंथाधारित व तुलनात्मक आहे. विवेचनासाठी एक सैद्धांतिक सूत्र आधाराला घेतले आहे. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्हस्की याने १९२६ मध्ये ट्रोब्रियंड बेटांवरील अभ्यासाच्या आधारे असे मत मांडले की, आदिम समाजातील पुराणकथा ही सृष्टीचे कोडे सोडविण्याचा प्रयत्न नसते. चालू असलेल्या सामाजिक व्यवस्थेची ती सनद असते. मराठवाड्यातील वाचकाला ‘सनद’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगण्याची आवश्यकता नाही. ज्याच्या हाती सनद, त्याचा हक्क. मात्र सनद ही पेटीत ठेवण्याची वस्तू आहे. सृष्टिकथा पेटीत ठेवली की निर्जीव होते आणि रोजच्या वापरात असली तरच तिचा अंमल चालतो. या फरकाकडे प्रस्तुत लेखात विशेष लक्ष दिले आहे.

लिंगो आख्यानाच्या नोंदींचा इतिहास

लिंगो आख्यानाची पहिली विस्तृत नोंद स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने केली. हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आला आणि १८६३ मध्ये बुडून मरण पावला. त्याने एका प्रधानाकडून हे आख्यान गोंडी भाषेत उतरवून घेतले होते. त्याच्या मृत्यूनंतर मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये हिस्लॉपची टिपणे संपादित करून प्रसिद्ध केली. पुढे १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात या आख्यानाचा सारांश दिला. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम यांचा मृत्यू झाल्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या प्रश्नाची दखल घेणे भाग पडले. त्याच दशकात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाने आदिलाबादमध्ये राहून अभ्यास केला. राज गोंडांच्या पुराणकथा व विधी यांवरील त्याचा ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्योत्तर काळात गोंड समाजातील अभ्यासकांनी ही परंपरा स्वतःच्या हाती घेतली. नागपूरचे भाषाभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी पारी कुपार लिंगो आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडी जीवनधर्म, यांवर विपुल लेखन केले.

या नोंदींचा क्रम लक्षात घेतला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मिशनरी, प्रशासक, मानवशास्त्रज्ञ आणि स्वतः गोंड विचारवंत अशा चार भिन्न हेतूंच्या लेखकांनी हे आख्यान कागदावर आणले. परंतु कागदावर येण्यापूर्वी ते एकाच व्यक्तीच्या मुखात होते आणि ती व्यक्ती म्हणजे प्रधान. आदिलाबादकडील प्रधानांच्या बाबतीत हायमेनडॉर्फने केलेली नोंद मराठी अभ्यासकासाठी महत्त्वाची आहे. हे प्रधान आपसांत मराठी बोलतात, पण गोंडांच्या देवापुढे आख्यान गातात ते गोंडीत. म्हणजे गोंडांच्या सृष्टिकथेचा रक्षणकर्ता हा घरी मराठी बोलणारा मनुष्य आहे, याची मराठी लोकसाहित्याच्या इतिहासात पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

आख्यानाचे स्वरूप

हिस्लॉपच्या नोंदीनुसार कथेचा सारांश असा आहे. सृष्टी निर्माण झाली, गोंड जन्मास आले आणि रानावनात पसरले. त्यांच्या वागण्याने आणि दुर्गंधीने महादेव रुष्ट झाला. त्याने त्यांना एका गुहेत कोंडले आणि तोंडावर प्रचंड शिळा लोटली. चार भाऊ तेवढे निसटले आणि काचिकोपा लोहागड येथे, म्हणजे तांबड्या डोंगरांच्या व लोखंडी दऱ्यांच्या मुलखात, जाऊन राहिले. पुढे एका फुलातून लिंगो जन्मला आणि त्या चौघांना येऊन मिळाला. त्याने त्यांना रान तोडून शेती करण्यास शिकविले. रिकाड गावडी नावाच्या राक्षसी म्हाताऱ्याकडे अग्नी होता. लिंगोने झाडावर बसून वाद्य वाजविताच तो म्हातारा देहभान विसरून नाचू लागला. त्याच्या सात मुली त्या भावांच्या बायका झाल्या. पुढे भावांनीच गैरसमजातून लिंगोला ठार केले, परंतु तो पुन्हा जिवंत झाला आणि गुहेतील बांधवांच्या शोधात निघाला. महादेवाने अट घातल्यावरून त्याने बिंदो पक्ष्याची पिले आणून दिली आणि कोंडलेल्या गोंडांची सुटका केली. वाटेत महापूर आला तेव्हा कासवाने त्यांना वाचविले. अखेरीस लिंगोने गोंडांचे कुळांमध्ये विभाजन केले, देवांची स्थापना केली, विवाहाचे नियम घालून दिले आणि तो अंतर्धान पावला.

टेंपलच्या संपादनात या आख्यानाचे पाच भाग पाडलेले आहेत. पहिल्या भागात सृष्टी व गोंडांचा बंदिवास, दुसऱ्यात लिंगोचा जन्म, जीवन व मृत्यू, तिसऱ्यात त्याचे पुनरुज्जीवन व गोंडांची सुटका, चौथ्यात कुळांची विभागणी व देवपूजेची स्थापना, आणि पाचव्यात विवाहविधींची स्थापना येते. पृथ्वी, पाणी, झाडे व माणसे पहिल्याच भागात निर्माण होतात, तरीही गोंडांच्या दृष्टीने निर्मिती पूर्ण झालेली नसते. कोणाचे लग्न कोणाशी व्हावे आणि कोणी कोणाला भाऊ म्हणावे, हे ठरल्यावरच आख्यान थांबते. सृष्टी म्हणजे केवळ भूगोल नसून नातेव्यवस्था आहे, ही या आख्यानामागील मूळ धारणा आहे.

सृष्टिकथेचा दैनंदिन जीवनातील अंमल

अ) विवाह व नातेसंबंध : लिंगोने केलेली विभागणी आजही गोंडांच्या विवाहात पाहिली जाते. सर्वसाधारणपणे चार, पाच, सहा व सात देवांचे असे गट मानले जातात. गोंडी भाषेत नालुंग, सैयुंग, सारुंग व येरुंग या संख्यांवरून ते ओळखले जातात. या गटास सगा अशी संज्ञा आहे. एका सगाची माणसे परस्परांची भाऊ-बहीण ठरतात आणि त्यांच्यात विवाह होत नाही, मग आडनावे वेगळी असोत वा गावे शंभर कोस दूर असोत. कोणते कूळ कोणत्या सगात मोडते, याबाबत प्रदेशपरत्वे फरक आढळतो, पण विभागणीचे तत्त्व सर्वत्र कायम आहे. आत्या-मामाच्या मुलांमधील विवाहाला ‘दूध लौटावना’, म्हणजे दूध परत करणे, असे म्हटले जाते. एका घरातून मुलगी गेली, तर पुढील पिढीत मुलगी परत यावी, हा त्यामागील विचार होय. स्थळ पाहताना देवांची संख्या विचारणारा गोंड वडीलधारा मनुष्य आख्यानाचा उच्चारही करीत नाही, पण त्या प्रश्नात आख्यानाचा चौथा आणि पाचवा भाग सामावलेला असतो.

आ) कुलदेव व नववधू : प्रत्येक कुळाचा पेर्सा पेन, म्हणजे थोर देव असतो. चवरी व भाल्याचे लोखंडी पाते ही त्याची प्रतीके होत. आदिलाबादकडे पौष व वैशाख महिन्यांत त्याची पूजा होते. विवाहाने कुळात आलेल्या स्त्रीला कुलदेवाची भेट घडविल्यावाचून तिचे कुळातील स्थान पूर्ण होत नाही. तेलंगणातील इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूर येथे पौष अमावास्येला भरणारी नागोबाची जत्रा हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. मेस्राम कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात आणि कुळातील नव्या सुनांची नागोबाशी भेट घडवितात. त्या विधीस ‘भेटिंग’ असे म्हणतात. महाराष्ट्रातील मेश्राम कुटुंबेही या जत्रेस जातात.

इ) मृत्यू : गोंडांमध्ये मृत व्यक्तीचा दहनविधी किंवा दफनविधी पार पडला म्हणजे सर्व संपले, असे होत नाही. मागील पूजेनंतर कुळात जे मरण पावले, त्यांना पेर्सा पेनाच्या पूजेच्या वेळी देवात आणि पूर्वजांत सामील करून घेतले जाते. ज्या देवाशी नववधूची ओळख करून दिली जाते, त्याच देवाकडे मृताला पोहोचविले जाते. कुळात येणे आणि कुळातून पूर्वजांत जाणे, या दोन्ही गोष्टींचा दरवाजा एकच आहे.

ई) अन्न व आहार : हंगामातील नवे धान्य देवांना आणि पूर्वजांना अर्पण केल्यावाचून खावयाचे नाही, हा नियम गोंडांत पाळला जातो. कथेत महापुरातून वाचविल्याबद्दल कासवाला इजा न करण्याचे वचन दिलेले आहे. ताटात काय असावे आणि काय नसावे, याचे कारण अशा रीतीने सृष्टीच्या प्रारंभाशी जोडले जाते.

उ) भाट व यजमान : पेर्सा पेनाची पूजा प्रधानाच्या वाद्यावाचून आणि गायनावाचून होत नाही. प्रत्येक प्रधान घराणे ठरावीक गोंड कुळाशी बांधलेले असते आणि विवाह, मृत्यू व पूजेच्या प्रसंगी त्याला धान्य, वस्त्र, जनावर या रूपाने हक्काचे देणे मिळत आले आहे. लिंगोच्या हातातील वाद्याने अग्नीच्या धन्याला नाचविले, ही घटना लक्षात घेता कथेत संगीताला एवढे स्थान का आहे, याचा उलगडा होतो. हे आख्यान सांगणारा स्वतः वादक आहे.

तुलना : होपी समाज

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील होपी लोकांची सृष्टिकथा जगातील अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यांच्या कथेनुसार आजचे जग हे चौथे होय. आधीची जगे माणसाच्या दुर्वर्तनाने बिघडली आणि सज्जन माणसे जमिनीतील एका छिद्रातून वर आली. त्या निर्गमस्थानाला सिपापू म्हणतात. वर आल्यावर मासाव या देवाने त्यांना भूमीवर राहण्याची परवानगी दिली. मक्याची निवड करण्याची वेळ आली तेव्हा होपींच्या वाट्याला आखूड निळे कणीस आले. याचा अर्थ जीवन कष्टाचे, पण टिकणारे. त्यानंतर निरनिराळी कुळे भ्रमण करीत आजच्या पठारांवर येऊन स्थिरावली.

गुहेतून सुटलेले गोंड आणि भूगर्भातून वर आलेले होपी यांच्यातील साम्य वाचकाच्या सहज लक्षात येईल. या साम्यावरून दोन समाजांचा प्राचीन संबंध शोधण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. तसा कोणताही पुरावा नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. अभ्यासनीय साम्य वेगळे आहे. होपींच्या भूमिगत पूजागृहाच्या, म्हणजे किवाच्या, जमिनीत सिपापूचे प्रतीक म्हणून एक लहान छिद्र ठेवलेले असते. नवजात बालकास जन्मानंतर सूर्यप्रकाशापासून दूर ठेवून विसाव्या दिवशी पहाटे सूर्याला दाखविले जाते. या काळात त्याच्याजवळ मक्याचे कणीस असते आणि पित्याकडील आत्या त्याला नावे ठेवतात. वर्षाला सुमारे २५ सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या त्या प्रदेशात होपी शेतकरी काठीने खोल खड्डा करून मक्याचे दाणे पेरतो. अंधारातून प्रकाशात येणारे मूल आणि जमिनीतून वर येणारा कोंब ही दोन्ही त्याच्या दृष्टीने त्या प्रथम निर्गमनाची आवृत्ती होय. कथा वर्षातून एकदा ऐकली जाते, पण तिचा अंमल रोज शेतात चालू असतो.

ही बाब अमेरिकन शासनाच्या ध्यानात आली नाही आणि त्यातून संघर्ष निर्माण झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होपी मुलांना सक्तीने सरकारी निवासी शाळांत नेण्याचे आणि सामाईक जमिनीचे खासगी तुकडे पाडण्याचे धोरण राबविण्यात आले. त्याला विरोध करणाऱ्या १९ होपी पुरुषांना १८९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळील अल्काट्राझ बेटावर कैदेत ठेवण्यात आले. अक्षरशत्रुत्व एवढेच या विरोधाचे कारण मानणे एकांगी ठरेल. कुळाची जमीन आणि कुळातील मूल या दोहोंवर सृष्टिकथेचा अंमल होता आणि शासनाने एकाच वेळी या दोहोंना हात घातला होता.

चिकित्सा : काय बदलते, काय टिकते

लिंगो आख्यानाच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकमेकांशी जुळत नाहीत, असा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो तथ्याला धरून आहे. हिस्लॉपच्या आवृत्तीत गोंडांना कोंडणारा महादेव आहे आणि पार्वती त्यांच्यासाठी तपश्चर्या करते. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत काली कंकाली मातेची मुले गुहेत कोंडली जातात. लिंगो, जंगुबाई आणि हिरासुका पाटालीर हा वादक मिळून त्यांची सुटका करतात आणि शिळा हटविताना वादकाचा मृत्यू होतो. महाराष्ट्र-तेलंगण सीमेवरील जंगुबाईच्या गुहास्थानी पौष महिन्यात भरणाऱ्या यात्रेचे महत्त्व आदिलाबाद-चंद्रपूरकडे अधिक आहे. महादेव हा हिंदू देव की शंभू हा गोंडांचाच आद्य पुरुष, याविषयीही मतभेद आहेत. हिस्लॉपच्या प्रधानाने गायिलेल्या आख्यानात हिंदू पुराणांचा थर मिसळला आहे, असे अनेक गोंड विचारवंतांचे मत आहे.

या भेदांमुळे आख्यान इतिहासाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते काय? आवृत्त्या एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या असता निराळेच चित्र दिसते. कोंडणारा कोण, सोडविणारे किती आणि पक्ष्याची पिले आणावी लागली की नाही, हे तपशील बदलतात. बंद गुहा, हटविलेली शिळा, सुटकेनंतरची सगांची विभागणी आणि संगीताचे स्थान मात्र बदलत नाही. याचे कारण आख्यानाच्या बाहेर, दैनंदिन व्यवहारात आहे. सगांची विभागणी विवाहाने जिवंत ठेवली आहे. संगीताचे स्थान प्रधानाच्या हक्काने आणि गुहेची स्मृती यात्रेने जिवंत ठेवली आहे. ज्या घटकाला रोजच्या जीवनातील एखादा नियम धरून ठेवतो, तो टिकतो. जो केवळ सांगितला जातो, तो सांगणाऱ्यागणिक बदलतो. मौखिक साधनाची विश्वसनीयता तपासण्यासाठी इतिहास-अभ्यासकाला हा निकष वापरता येईल. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मधील आपल्या ग्रंथात पुराणकथा आणि चालू लोकाचार एकत्र ठेवून वाचण्याचा जो मार्ग दाखविला, त्याच्याशी हा निकष सुसंगत आहे.

तथापि सृष्टिकथेच्या या अंमलाचे केवळ गौरवीकरण करणे योग्य होणार नाही. सनद जशी हक्क देते, तशी विषमताही कायम करते. प्रधानावाचून गोंडांची पूजा होत नाही, तरीही गोंड प्रधानाच्या हातचे अन्न घेत नसत. आख्यानाचा रक्षक आणि पंक्तीत खालचा, असे त्याचे दुहेरी स्थान होते. आख्यानातील सात मुली कोणाच्या बायका व्हाव्यात, या निर्णयात त्यांच्या इच्छेला वाव नाही. शिक्षण घेतलेल्या प्रधान तरुणाने याचकाची भूमिका नाकारली, तर त्यास परंपरेचा ऱ्हास एवढेच नाव देता येणार नाही. तो त्याच्या आत्मसन्मानाचा इतिहास आहे. मात्र त्याने वाद्य खाली ठेवले की आख्यानाची एक आधाररेखा तुटते, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांपैकी एकाची निवड करून दुसरे नाकारणे सोयीचे असले तरी इतिहासाच्या शिस्तीत बसणारे नाही.

एका बाजूला हे आधार सैल होत असताना दुसऱ्या बाजूला नवे आधार उभे राहिले आहेत. १९८० च्या दशकापासून गोंड अभ्यासक व कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने कचारगडच्या माघ पौर्णिमेच्या यात्रेस मोठे स्वरूप आले. अनेक राज्यांतील गोंड तेथे येतात. ज्याला आपल्या देवांची संख्या ठाऊक नसते, तो तेथे विचारून घेतो. भाषेची स्थिती मात्र चिंताजनक आहे. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे ३० लाख होती आणि गोंडांची एकूण लोकसंख्या त्याहून कित्येक पट अधिक आहे. म्हणजे बहुसंख्य गोंड आज आपली सृष्टिकथा मराठीत, हिंदीत वा तेलुगूत ऐकतात. भाषा सुटली तरी सगा सुटलेला नाही, ही बाब वर मांडलेल्या निकषाला पुष्टी देते.

अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

मेश्राम, आत्राम, मडावी, कुमरे, टेकाम ही आडनावे विदर्भातील आणि पैनगंगेकाठच्या महाविद्यालयांच्या हजेरीपटावर नेहमीची आहेत. हजेरीपटावर जे केवळ आडनाव असते, ते त्या विद्यार्थ्याच्या घरी सृष्टीच्या प्रारंभी झालेल्या विभागणीतील त्याचे स्थान असते. वर्गात आपण प्राचीन भारताच्या सृष्टिकल्पना शिकविताना ऋग्वेदाचा उल्लेख तत्त्वज्ञान म्हणून करतो आणि आदिवासींच्या कथेचा उल्लेख समजूत म्हणून करतो. हा शब्दभेद विद्यार्थ्याच्या लक्षात येत नाही, असे समजण्याचे कारण नाही. घरी जो नियम त्याच्या लग्नाचा आणि आजोबांच्या उत्तरक्रियेचा निर्णय करतो, त्याला वर्गात दंतकथा म्हटले गेले, तर त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : घराविषयी गप्प राहणे किंवा वर्गाविषयी उदासीन होणे. दोन्ही मार्गांनी अध्यापनाची हानीच होते.

यावर उपाय म्हणून फार मोठ्या प्रकल्पाची आवश्यकता नाही. पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यात विद्यार्थ्याने आपल्या कुटुंबाचे कूळ, देवांची संख्या, कुलदेवाचे स्थान, पूजेचा महिना, कुळाशी बांधलेले प्रधान घराणे आणि अलीकडील तीन पिढ्यांतील सोयरिकीची गावे, एवढी नोंद घरातील वडीलधाऱ्यांच्या संमतीने केली तरी मौल्यवान साधन तयार होईल. अशा काही वर्षांच्या नोंदी एकत्र केल्यास कुळांचे स्थलांतर, सोयरिकीचे क्षेत्र आणि राज्यसीमा बदलल्यानंतर नात्यांवर झालेला परिणाम यांचा इतिहास लिहिता येईल. १९५६ च्या सीमारेषेने एका सगाची गावे दोन राज्यांत विभागली, परंतु केसलापूरच्या वाटेने जाणाऱ्या कुटुंबांनी ती रेषा मानली नाही, हे तेव्हा पुराव्यानिशी दाखविता येईल.

निष्कर्ष

१) लिंगो आख्यान पृथ्वीच्या उत्पत्तीपाशी न थांबता कुळविभागणी, देवस्थापना व विवाहनियम यांपाशी पूर्ण होते. गोंडांच्या दृष्टीने नातेव्यवस्था हाच सृष्टीचा अंतिम टप्पा आहे.

२) या कथेचा अर्थ तिच्या कथनात जितका आहे, त्याहून अधिक तो स्थळ पाहताना विचारलेल्या प्रश्नात, नववधूच्या देवभेटीत, नव्या धान्याच्या पहिल्या घासात आणि मृताला पूर्वजांत सामील करण्याच्या विधीत आहे. होपींच्या मक्याच्या शेतीत आणि नामकरणातही हेच तत्त्व आढळते.

३) आख्यानाच्या ज्या भागांना दैनंदिन नियमांचा आधार आहे, ते आवृत्त्या बदलूनही टिकतात. मौखिक साधनांच्या चिकित्सेसाठी हा उपयुक्त निकष ठरू शकतो.

४) सृष्टिकथा व्यवस्थेला आधार देते, त्याचबरोबर त्या व्यवस्थेतील विषमतेलाही मान्यता देते. प्रधान समाजाच्या स्थानाचा इतिहास या दोन्ही अंगांनी लिहिला जाणे आवश्यक आहे.

५) हिस्लॉपने एका प्रधानाचे गायन उतरवून घेतल्याला दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे. त्याने शब्द जतन केले. त्या शब्दांमागील रोजच्या व्यवहाराची नोंद करण्याचे काम शिल्लक असून, ज्या महाविद्यालयांच्या वर्गांत या कुळांची मुले बसतात, त्यांना ते सर्वाधिक सुलभ आहे.